रोबोट घ्यायचा की नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवायचे?

प्रश्न

ठाण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात मी उपवैद्यकीय अधीक्षक म्हणून काम करते. आमच्याकडे सुमारे २०० खाटा आहेत. गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाने मला रुग्णालयात आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजेच एचटीएची, पद्धत (एखादे यंत्र, तपासणी किंवा उपचार स्वीकारण्याआधी त्याचा पुरावा, लाभ आणि खर्च तपासणे) सुरू करायला सांगितले. मी समिती नेमली, दोन बैठका झाल्या आणि काम तिथेच थांबले. आमच्यापैकी कोणीही आरोग्य अर्थशास्त्र शिकलेले नाही. जुन्या रुग्णांची माहिती नीट जतन केलेली नाही. अस्थिरोग विभागाचे प्रमुख म्हणतात, "आम्ही काय वापरायचे, हे आता ऑफिसने ठरवायचे का?" त्यातच गुडघेबदल शस्त्रक्रियेसाठी रोबोट घेण्याचा प्रस्ताव आला आहे. घोडबंदर रस्त्यावरचे रोबोटिक शस्त्रक्रियेचे जाहिरातफलक पाहून मंडळानेही खरेदीला तत्त्वतः मान्यता दिली आहे. आगाऊ रक्कम मात्र अजून भरलेली नाही. कोटेशनप्रमाणे यंत्राची किंमत ४ कोटी रुपये, देखभालीचा वार्षिक करार २४ लाखांचा आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला लागणारे डिस्पोजेबल साहित्य ३० हजारांचे आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण १२० गुडघे बदलले जातात. समितीने आता काय करावे? आणि या सगळ्याचा रोष मी अंगावर घ्यावा का?

— उपवैद्यकीय अधीक्षक, ठाणे

उत्तर

आपण पत्रात तज्ज्ञांची उणीव, माहितीची उणीव आणि सहकाऱ्यांची नाराजी अशा तीन अडचणी मांडल्या आहेत. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्हींवर मी पुढे लिहिणार आहे. मात्र आपल्या समितीचे काम ज्यामुळे अडले आहे, ती अडचण आपल्या पत्रात जाता जाता आलेली आहे. मंडळाने एकीकडे मूल्यमापन करायला सांगितले आणि दुसरीकडे मूल्यमापनाआधीच यंत्राला तत्त्वतः मान्यता देऊन टाकली. ज्या निर्णयावर समितीने मत द्यायचे तो निम्मा होऊन गेला असेल, तर सदस्यांना बैठकीला येण्याचे कारणच उरत नाही. हुशार माणसांना हे लगेच कळते, आणि माझ्या मते दोन बैठकांनंतर आपली समिती थंडावली त्याचे मूळ इथेच आहे.

म्हणून अर्थशास्त्रज्ञाचा शोध किंवा सॉफ्टवेअरची चौकशी सुरू करण्याआधी आपण मंडळाला एक पत्र लिहावे. समितीचा अहवाल आठ आठवड्यांत येईल आणि तोपर्यंत यंत्रासाठी आगाऊ रक्कम, करारपत्र किंवा जाहिरात यांपैकी काहीही होणार नाही, असा ठराव त्यात मागावा. समितीची शिफारस मंडळाने स्वीकारली किंवा नाकारली, तरी त्याची कारणे लेखी नोंदवली जातील, हेही त्याच ठरावात असू द्यावे. विश्वस्तांना शिफारस नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. कारण लिहावे लागते एवढ्याने चर्चेचा दर्जा बदलतो आणि पुढच्या वेळी समितीकडे यायचे की तिला वळसा घालायचा, याचा विचार प्रस्ताव आणणारा आधीच करतो. आठ आठवड्यांची मुदतही मी विचारपूर्वक सुचवतो आहे. रुग्णालयातील मूल्यमापन सहा महिने रेंगाळले की खरेदी त्याला सोडून पुढे निघून जाते, आणि मग लोक म्हणतात की एचटीए म्हणजे कामात खोडा.

आता तज्ज्ञांविषयी. एचटीए म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय पातळीवरचे काम येते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली नाइस ही संस्था किंवा आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाअंतर्गत २०१७ पासून चालणारी एचटीएइन ही व्यवस्था सरकारसाठी प्रश्न सोडवते: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणती लेन्स वापरावी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयात फुगवायचा बलून सरकारी रुग्णालयांत द्यावा का. अशा प्रश्नांना गुणवत्तापूर्ण आयुष्य-वर्षांचे (उपचाराने किती वर्षे आणि किती चांगल्या प्रकृतीची मिळाली याचे) हिशेब, दीर्घ मुदतीची प्रारूपे आणि दरडोई उत्पन्नाशी तुलना लागते, कारण तिथे एका रोगावरचा खर्च दुसऱ्या रोगावरच्या खर्चाशी ताडून पाहायचा असतो. आपला प्रश्न त्याहून लहान आहे, तरी वेगळ्या अर्थाने अवघड आहे. हे यंत्र आपल्या इमारतीत, आपल्या सर्जनांच्या हाती, आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांसाठी, आपल्या पैशांत काय करील, हे आपल्याला ठरवायचे आहे. त्याचे उत्तर दिल्लीतून किंवा लंडनमधून आयते मिळणार नाही.

रुग्णालयांनी स्वतःच्या पातळीवर हे काम करण्याची परंपरा जुनी आहे. पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयसमूहाने त्यासाठी १९८२ मध्येच समिती नेमली होती आणि माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठ आरोग्य केंद्रात २००१ पासून तंत्रज्ञान मूल्यमापनाचा स्वतंत्र कक्ष आहे. आपल्या आकाराच्या रुग्णालयाला मला सर्वांत उपयोगी वाटते ती डेन्मार्कने रुजवलेली लघु-मूल्यमापनाची पद्धत. तिथल्या राष्ट्रीय केंद्राने २००५ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. त्यात २६ प्रश्न आहेत आणि ते तंत्रज्ञान, रुग्ण, संस्था व खर्च या चार बाजूंनी विचारलेले आहेत. पुरावा काय आहे, कोणत्या रुग्णांना लाभ होईल, कोणाला नवे प्रशिक्षण लागेल, कोणत्या दुसऱ्या विभागावर ताण येईल, सुरुवातीचा आणि दरवर्षीचा खर्च किती, हे प्रश्न सुजाण डॉक्टर, हिशेबनीस आणि बायोमेडिकल इंजिनिअर एकत्र बसून सोडवू शकतात. पुढे एखाद्या प्रश्नाला खरोखरच आर्थिक प्रारूप लागले, तर परळच्या राष्ट्रीय पुनरुत्पादक व बाल आरोग्य संशोधन संस्थेत एचटीएइनचे संसाधन केंद्र आहे. तिथे पत्र लिहून प्रशिक्षणाची किंवा मार्गदर्शनाची विचारणा करावी. ते केंद्र ठाण्याहून लोकलने जाण्याइतके जवळ आहे. मात्र अर्थशास्त्रज्ञ मिळेपर्यंत थांबायचे, असे आपण ठरवू नये.

या पद्धतीतला एक बारकावा आपल्या अस्थिरोग विभागप्रमुखांच्या संदर्भात फार मोलाचा आहे. प्रश्नावली प्रस्ताव मांडणाऱ्या विभागाने स्वतः भरायची असते. म्हणजे ऑफिसने सर्जनांची परीक्षा घ्यायची नसून, सर्जनांनी आपला प्रस्ताव पुराव्यानिशी मांडायचा आणि समितीने तो तपासायचा. हा फरक त्यांना समक्ष भेटून सांगावा. परिपत्रक काढून सांगू नये. त्यांचा आक्षेप अवमानातून आला असेल, पण त्यात तथ्यही आहे. कोणत्या रुग्णाला कोणती शस्त्रक्रिया करायची हे सर्जनच ठरवतो, आणि तिथे समितीने पाऊल टाकू नये. मात्र ४ कोटी रुपये कुठे गुंतवायचे हा निर्णय एका विभागाचा राहत नाही, कारण त्याच पैशांतून नवजात शिशू कक्षाला व्हेंटिलेटर किंवा डायलिसिसला दोन खुर्च्या मिळू शकल्या असत्या आणि मंडळाने मान्यता दिली तेव्हा त्या विभागांचे प्रमुख खोलीत नव्हते. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले असते.

नवे तंत्र नामांकित सर्जनांनी मनापासून स्वीकारलेले असूनही रुग्णांच्या हिताचे ठरले नाही, असे वैद्यकात घडलेले आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगासाठी दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेली शस्त्रक्रिया अनेक वर्षे सरस मानली जात होती. जखम लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. २०१८ मध्ये ६३१ स्त्रियांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होते आणि नव्या पद्धतीत ८६ टक्के. यात कोणा सर्जनची बेफिकिरी नव्हती. जे लगेच दिसते ते मोजले गेले होते आणि जे उशिरा दिसते ते मोजायचे राहिले होते. हे उदाहरण बैठकीत मांडताना कोणाकडे बोट न दाखवता मांडावे, कारण त्यातला धडा प्रत्येक विभागाला लागू आहे.

गुडघ्याच्या रोबोटबाबत पुरावा काय सांगतो? हाड कापण्याची अचूकता आणि इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) नेमक्या कोनात बसणे यात रोबोटचा फायदा बऱ्याच अभ्यासांत दिसलेला आहे आणि तो मान्य करायला हवा. रुग्णाला मात्र कोन जाणवत नाही. त्याला जिना चढता येणे, रात्री न दुखणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी न लागणे महत्त्वाचे वाटते. कोरियातील एका मोठ्या चाचणीत हजाराहून अधिक रुग्णांचा किमान १० वर्षे पाठपुरावा झाला आणि २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याचे कार्य, इम्प्लांट सैल होण्याचे प्रमाण आणि त्याचे टिकणे, यांत रोबोट आणि नेहमीची पद्धत यांत फरक आढळला नाही. आपले विभागप्रमुख यावर म्हणतील की त्या चाचणीतले यंत्र जुन्या पिढीचे होते आणि सगळ्या शस्त्रक्रिया एकाच सर्जनने केल्या होत्या. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि त्या अहवालात लिहाव्यात. त्यापुढे समितीने एवढेच विचारावे: आज जे यंत्र आपण घेत आहोत त्याने रुग्णाच्या चालण्यात किंवा इम्प्लांटच्या टिकण्यात फरक पडल्याचा पुरावा कोणता? कंपनीच्या सादरीकरणातील आलेख हा त्याचा पुरावा नव्हे. मूळ शोधनिबंध मागवावा आणि त्याला निधी कोणी दिला होता हेही पाहावे.

आपल्या कोटेशनचा हिशेब मी मांडून पाहिला. कर, कर्जाचे व्याज आणि वॉरंटीच्या काळातील सवलत बाजूला ठेवू, आणि यंत्राचे आयुष्य ८ वर्षे धरू. ४ कोटींचे वर्षाला ५० लाख होतात, त्यात देखभालीचे २४ लाख मिळवले की ७४ लाख. वर्षाच्या सर्व १२० शस्त्रक्रिया रोबोटने केल्या, तर प्रत्येक गुडघ्यावर सुमारे ६२ हजार रुपये आणि डिस्पोजेबलचे ३० हजार मिळून ९२ हजारांचा वाढीव खर्च येतो. मात्र सर्व १२० रुग्णांना तो परवडणार नाही. शासकीय योजनेतील रुग्णाचे पॅकेज ठरलेले असते आणि यंत्र बदलले म्हणून ते वाढत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेसारखे आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळू नयेत असे सांगितले असले, तरी कंपन्यांना त्यांवर उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती रकमेची वेगळी मर्यादा, लावता येते, म्हणून वरची रक्कम पुष्कळदा रुग्णाच्या खिशातूनच जाते. समजा ४० टक्के रुग्णांनी रोबोट निवडला, तर शस्त्रक्रिया ४८ होतात आणि प्रत्येकीमागचा वाढीव खर्च १ लाख ८४ हजारांवर जातो. हाच हिशेब उलट बाजूने करून पाहा. रुग्णाकडून जास्तीचे ६० हजार घेता येतील असे मानले, तर डिस्पोजेबल वजा जाता हाती ३० हजार राहतात आणि ७४ लाख भरून काढायला वर्षाला २४७ रोबोटिक शस्त्रक्रिया लागतात. म्हणजे आज होणाऱ्या सर्व शस्त्रक्रियांच्या दुपटीहून अधिक, आणि त्याही सगळ्या पैसे भरू शकणाऱ्या रुग्णांच्या.

हे आकडे मंडळापुढे ठेवल्यावर कोणीतरी नक्की म्हणेल की रोबोट आला की रुग्ण वाढतील. कदाचित वाढतीलही. तेव्हा ते रुग्ण कुठून येणार, हे विचारावे. आज ते ठाण्यातल्याच दुसऱ्या रुग्णालयात जात असतील आणि त्या रुग्णालयाकडेही रोबोट असेल, तर ते आपल्याकडे का येतील? आणि आकडा गाठण्याचा दबाव सर्जनवर आला, तर ज्या रुग्णाचा गुडघा व्यायामाने आणि औषधाने आणखी दोन वर्षे चालला असता त्याच्याशी आपण काय बोलू? हा प्रश्न कोणाच्या सचोटीवर शंका घेण्यासाठी नाही. मोठे यंत्र दारात उभे असले की त्याच्या हप्त्याचा भार नकळत निदानावर येतो, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे.

हिशेब जड जातो असे दिसले की कंपनी बहुधा दुसरा प्रस्ताव आणते: यंत्र विनामूल्य ठेवतो, तुम्ही ठरावीक संख्येने आमचे इम्प्लांट घ्या. तो आला तर समितीने त्याचे मूल्यमापन विकत घेण्याच्या प्रस्तावाइतक्याच काटेकोरपणे करावे. यांतील अनेक यंत्रे त्याच कंपनीच्या इम्प्लांटवर चालतात, म्हणून सर्जनचे इम्प्लांट निवडण्याचे स्वातंत्र्य करारात गहाण पडते आणि गंमत म्हणजे हे स्वातंत्र्य जपण्यासाठीच विभागप्रमुख समितीला विरोध करत आहेत. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. रोबोटच्या वापराच्या शुल्कावर तशी मर्यादा नाही, त्यामुळे बिलात वाढ कोणत्या ओळीत होणार हे आधीच ओळखता येते. किमान संख्या भरली नाही तर दंड काय, करार मध्येच संपवता येईल का, सॉफ्टवेअरचे नवे रूप आले तर त्याचे पैसे कोण देणार, ही कलमे वकिलाआधी आपल्या स्टोअर्सच्या माणसाला वाचायला द्यावीत. त्याला ती अधिक लवकर उमगतील.

समितीने ऑपरेशन थिएटरमध्येही जाऊन बसावे, हे मी आग्रहाने सांगतो. काही यंत्रणांना शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन लागतो, काहींना लागत नाही. लागत असेल तर तो खर्च, ते किरणोत्सर्जन आणि स्कॅनसाठीची आणखी एक फेरी हे सगळे रुग्णाच्या वाट्याला येते. यंत्राला हाडाची जागा समजावी म्हणून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवाव्या लागतात. त्या जागी जंतुसंसर्ग किंवा हाडाला तडा जाणे हे विरळ असले तरी माहीत असलेले धोके आहेत. सुरुवातीच्या काळात प्रत्येक शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो. तो अर्धा तास जरी धरला, तरी ज्या दिवशी यादीत तीन गुडघे असतात त्या दिवशी तिसऱ्या रुग्णाची पाळी दीड तासाने नसली तरी तासभर नक्कीच पुढे जाते, भूलतज्ज्ञ अडकून राहतात आणि संध्याकाळचे सिझेरियन दुसऱ्या टेबलची वाट पाहते. यंत्र त्या खोलीत उभे राहील का, सी-आर्म (शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे क्ष-किरण यंत्र) आणि रोबोट दोन्ही असताना सिस्टरांना ट्रॉली फिरवायला जागा उरेल का, सीएसएसडीला, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाला, किती नवे ट्रे येतील आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये ते निर्जंतुक होऊन परत येतील का, याचे उत्तर ओटीच्या इन्चार्ज सिस्टर पाच मिनिटांत देतील. त्या समितीत नसतील तर त्यांना आजच घ्यावे. बायोमेडिकल इंजिनिअर, लेखा विभागातील एक जण आणि शस्त्रक्रिया न करणाऱ्या शाखेतील एक ज्येष्ठ डॉक्टर हेही हवेत. धर्मादाय रुग्णालय असल्याने आपल्याकडे वैद्यकीय समाजसेवक असणारच. रुग्णाची बाजू मांडायला मला त्यांच्याइतके योग्य दुसरे कोणी दिसत नाही.

धर्मादाय हा शब्द आला म्हणून लिहितो. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आपल्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. रोबोट आल्यावर या रुग्णांना तो मिळणार की नाही, हे खरेदीआधी ठरवून लिहून ठेवावे. मिळणार असेल तर वरच्या हिशेबात तो खर्च धरावा. मिळणार नसेल, आणि तरीही यंत्र अधिक चांगले आहे असे आपण फलकावर सांगणार असू, तर एकाच छताखाली दोन दर्जांचे उपचार आपण मान्य केले असा त्याचा अर्थ होईल. हा मुद्दा विश्वस्तांना अर्थशास्त्रापेक्षा लवकर भिडेल, असा माझा अंदाज आहे.

प्रत्येक सुविधा प्रत्येक इमारतीत असायलाच हवी, असेही नाही. गंभीर भाजलेला रुग्ण ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरकडे पाठवताना ठाण्यातील कोणत्याही रुग्णालयाला कमीपणा वाटत नाही, आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात प्रोटॉन उपचार होतात म्हणून आपणही ते यंत्र घ्यावे असे कोणी म्हणत नाही. ज्या थोड्या रुग्णांचे हाड फार वेडेवाकडे झालेले असते आणि ज्यांना रोबोटच्या अचूकतेचा खरा उपयोग होईल, त्यांच्यासाठी जवळच्या रुग्णालयाशी करार करणे आणि आपल्या सर्जनला तिथे जाऊन शस्त्रक्रिया करू देणे, हा पर्यायही प्रश्नावलीत मांडून तपासावा.

माहितीच्या उणिवेबद्दल आपण खंत व्यक्त केली आहे. गेल्या पाच वर्षांची माहिती संगणकात भरत बसू नका. त्यात वर्ष जाईल. ओटी रजिस्टर आणि केस पेपरवरून गेल्या वर्षीचे १२० गुडघे एका वहीत उतरवा: शस्त्रक्रियेला लागलेला वेळ, रुग्णालयातील दिवस, रक्त चढवावे लागले का, जंतुसंसर्ग, पुन्हा ओटीत न्यावे लागले का, एकूण बिल आणि ते कोणी भरले. एका निवासी डॉक्टरला आणि रेकॉर्ड विभागातील एकाला हे काम काही आठवड्यांत जमते. सोबत या रुग्णांना फोन करून ऑक्सफर्ड गुडघा गुणांकनाचे १२ प्रश्न विचारावेत. जिना, बाजारहाट, रात्रीचे दुखणे, उठणे-बसणे असे साधे प्रश्न आहेत आणि उत्तरांना ० ते ४८ गुण मिळतात. आजच्या पद्धतीने आपले रुग्ण किती बरे होतात हे कळल्याशिवाय नवे यंत्र त्यात किती भर घालील हे सांगता येणार नाही. आपले जुने निकालच उत्तम निघाले, तर ती आपल्या सर्जनांच्या हाताची पावती असेल आणि त्यांनाच ती सर्वांत जास्त आवडेल.

रोबोटचा प्रश्न सुटेपर्यंत समितीने दुसरा, लहान आणि कोणाच्या प्रतिष्ठेशी न जोडलेला विषयही हाती घ्यावा. माझी सूचना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सरसकट होणाऱ्या तपासण्यांची आहे. २००० मध्ये १९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांवर झालेल्या एका चाचणीत सरसकट ईसीजी आणि रक्ततपासण्या केल्याने गुंतागुंत कमी झाली नाही. तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत तिचे प्रमाण सारखेच राहिले. ज्यांना मधुमेह, हृदयरोग किंवा अन्य त्रास आहे त्यांच्या तपासण्या डॉक्टरांनी अवश्य कराव्यात. प्रश्न फक्त प्रत्येकाकडून घेतल्या जाणाऱ्या यादीचा आहे. तंत्रज्ञानात यंत्राइतकाच तपासण्यांचा आणि रिवाजाचाही समावेश होतो, हे यातून सगळ्यांना समजेल. यात पॅथॉलॉजीचे उत्पन्न थोडे घटेल, आणि ते किती घटेल हेही अहवालात लिहावे. समिती नव्या खरेदीला प्रश्न विचारते आणि चालू उत्पन्नालाही विचारते, हे दिसले की तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल वेगळे बोलावे लागत नाही.

हितसंबंधांचे निवेदन प्रत्येक सदस्याकडून पहिल्याच बैठकीत लेखी घ्यावे आणि त्याची सुरुवात आपण स्वतःपासून करावी. वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठीही २०२४ मध्ये केंद्राने समान संहिता आणली आहे, त्यामुळे कंपनीच्या खर्चाने झालेला परिषद-प्रवास किंवा प्रशिक्षण नोंदवायला सांगणे हे आता कोणालाही व्यक्तिगत वाटायचे कारण नाही. ज्याचा संबंध आहे त्याने माहिती द्यावी, प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि शिफारस ठरताना बाहेर थांबावे.

अहवाल 'घ्या' किंवा 'नको' एवढ्याच दोन शब्दांत बसवण्याची गरज नाही. आकडे पाहता मी आपल्या जागी असतो तर आज खरेदीची शिफारस केली नसती. मात्र विभागप्रमुखांचा आग्रह पुराव्यावर टिकला, तर भाडेतत्त्वावर एक वर्षाचा करार, ठरावीक निकषांवर निवडलेले रुग्ण, प्रत्येकाचे सहा महिन्यांनी गुणांकन आणि वर्षाअखेरीस विनादंड बाहेर पडण्याचे कलम, अशा अटींवर होकार देता येईल. तो होकार दिला, तर वर्षानंतरच्या आढाव्याची तारीख त्याच ठरावात घालावी, नाही तर आढावा कधीच होत नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. रोष आपण एकटीने अंगावर घेऊ नये, आणि त्यासाठी समितीचे अध्यक्षपदही घेऊ नये. ज्यांच्या शब्दाला सर्व विभागांत मान आहे, ज्यांना यंत्राच्या खरेदीतून मिळवायचे काही नाही, असे एखादे ज्येष्ठ फिजिशियन किंवा निवृत्तीजवळ आलेले भूलतज्ज्ञ आपल्याकडे असतील. त्यांना अध्यक्ष करावे. आपण सचिव राहावे, प्रश्नावली, टिपणे आणि तारखा आपल्या हाती ठेवाव्यात. विभागप्रमुखांना पहिल्या बैठकीत प्रस्ताव मांडण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा आणि अहवालाचा मसुदा मंडळाकडे जाण्याआधी तो त्यांना वाचायला द्यावा; त्यांचा मतभेद राहिला तर तो त्यांच्याच शब्दांत अहवालाला जोडावा. मंडळाला लिहायचे ते पत्र मात्र याच आठवड्यात जाऊ द्यावे, कारण आगाऊ रक्कम भरली गेली की या उत्तरातील बहुतेक सूचना निरुपयोगी ठरतील.